गिटारच्या चाव्या, बटण, जॅक बदलताना पॉलिश घालवणाऱ्या या चुका टाळा

जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, कुठेही राहत असाल तरी तारा आवळायच्या चाव्यांचा नवा सेट कुरिअरने घरपोच येतो. पण तो बसवताना हेडस्टॉकवर, म्हणजे मानेच्या ज्या टोकाला चाव्या बसतात तिथे, टवका उडाला, तर तो नीट भरून देणारा गिटारचा कारागीर आपल्याकडे सहजासहजी सापडत नाही. म्हणून टवका उडूच नये, याची काळजी आपणच घ्यायची.

आधी एक गोष्ट समजून घ्या. गिटारवरचं पॉलिश धातूच्या भागाला कडेकडेने चिकटलेलं असतं. भाग सरळ ओढला की पॉलिशचा पापुद्रा त्याच्यासोबत निघतो. स्क्रू आत जातानाही तेच होतं. त्याचे आटे भोकाच्या तोंडाशी पॉलिशला खालून उचलतात आणि तडा जातो. खालच्या बहुतेक चुका या एका कारणातून होतात.

न मोजता भाग मागवणं

चित्रात दोन सेट सारखे दिसतात, भोकं मात्र वेगळी निघतात. जुन्या धाटणीच्या चाव्यांना लहान भोक लागतं, हल्लीच्या बंद (दाते झाकलेल्या) चाव्यांना साधारण 10 मिमी. स्वस्तातल्या अकूस्टिकवर एका पट्टीवर तीन चाव्या असतात. तिथे चाव्यांच्या दोन दांड्यांमधलं अंतर एक-दोन मिलिमीटरने जरी चुकलं तरी पट्टी बसत नाही. व्हर्निअर नसेल तर ड्रिल बिटची मागची गुळगुळीत बाजू भोकात घालून बघा, जी सैल न होता जाईल तेच माप. मागच्या स्क्रूंच्या जागाही ताडून पाहा. नाहीतर जुनी भोकं उघडी पडतात आणि जुन्या चावीचा ठसा नव्या चावीच्या बाजूने डोकावत राहतो.

भोक लहान पडलं तर बरेच जण थेट ड्रिल मशीन लावतात. असं कधीही करू नका. आधीच्या भोकात साधा बिट अडकतो, झटका देतो आणि कडेचं पॉलिश फोडतो. हाताने फिरवायचा रीमर (भोक रुंद करायचं निमुळतं हत्यार) घ्या आणि दोन्ही बाजूंनी थोडं थोडं करत भोक वाढवा. उलट, भोक मोठं आणि चावी लहान असेल तर मधे बसणारं बुशिंग (धातूची कडी) विकत मिळतं, ते वापरा.

जुनं बुशिंग पकडीने उपटणं

हेडस्टॉकच्या पुढच्या बाजूला दाबून बसवलेलं बुशिंग असेल, तर आधी धारदार ब्लेडच्या टोकाने त्याच्या कडेभोवती हलकी रेघ मारून घ्या. पॉलिश तिथेच सुटं होतं. मग मागून लाकडी दांडी घालून हळूहळू बाहेर ढकला. हटून बसलं असेल तर सोल्डरिंग आयर्नचं टोक बुशिंगच्या आत थोडा वेळ धरा. धातू तापला की पकड ढिली होते. आयर्न पॉलिशला मात्र अजिबात टेकू देऊ नका. नवं बुशिंग हातोडीने ठोकू नका, क्लॅम्पमध्ये लाकडाचा तुकडा ठेवून सरळ दाबा. मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांमधून जातात ती पट्टी (तिलाही नटच म्हणतात) बदलतानाही ठोकण्याआधी ब्लेडची अशीच रेघ मारायची.

स्क्रू थेट पॉलिशमध्ये घुसवणं

सर्वात जास्त नुकसान इथे होतं. अकूस्टिकच्या हीलवर (मान जिथे बॉडीला जोडते तो भाग) पट्ट्याचं बटण लावायचं असतं, भोक पाडलं जातं, स्क्रू फिरवला जातो आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे उमटतात. बटणाखाली झाकले जातील असं वाटतं, पण ते झाकले जात नाहीत.

आधी फोनचा टॉर्च साउंडहोलमधून आत मारून मान बोल्टने बसवलीय का ते पाहा. बोल्ट असेल तर ती जागा सोडा. मग जागेवर मास्किंग टेप लावून टोच्याने खूण करा. बिट निवडताना तो स्क्रूपुढे आडवा धरा. मधला दांडा झाकला जावा आणि दोन्ही बाजूंना आटे दिसावेत. सुरुवातीला ड्रिल उलटं फिरवा. बिट पॉलिश खरवडत आत शिरतो, ते उचलत नाही. लाकूड लागलं की सुलट करा आणि खोली कळायला बिटवर टेपची पट्टी गुंडाळा.

यानंतरची पायरी फार थोडे लोक करतात. भोकाच्या तोंडावर काउंटरसिंक बिट (तोंड पसरट करणारा) हाताने दोन-तीन फेऱ्या फिरवा. पॉलिशची कड आट्यांपासून मागे सरते, मग उचलायला तिथे पॉलिशच उरत नाही. शेवटी स्क्रूला मेणबत्तीचं मेण चोळा. साबण लावू नका, तो ओल धरतो आणि स्क्रू गंजतो. बटणाखाली फेल्टची चकती ठेवा.

जुना स्क्रू परत लावताना नवे आटे पाडणं

स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवा. एका क्षणी तो किंचित खाली बसतो, बोटांना ‘टक’ असं जाणवतं. तिथून सुलट फिरवा. आटे मारले गेले असतील तर बांबूची टूथपिक फेविकॉलमध्ये बुडवून घाला आणि वाळल्यावर कापून टाका. चाव्यांचे पितळी स्क्रू नाजूक असतात, जोर लागला की डोकं तुटतं. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून वाट करून घ्या. पेचकस खाचेत घट्ट बसणाराच हवा. निसटलेला पेचकस पॉलिशवर लांब चरा पाडून जातो.

उन्हाळ्यात आवळत राहणं

आपल्या भागाची ही खास अडचण आहे. वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांपर्यंत जातो आणि हवा अगदी कोरडी असते. आखाजीच्या सुमारास लाकूड आकसतं, चाव्यांचे नट ढिले पडतात आणि तार वाजवली की खरखर येते. ते नट रिंग पान्याने फक्त टेकेपर्यंत आवळा. बहुधा 10 मिमीचा पाना लागतो. पूर्ण ताकदीने आवळलेल्या नटाखाली कानबाईच्या रोटांच्या दिवसांत, श्रावणातल्या दमट हवेत, लाकूड फुगतं आणि वायसरभोवती तडे जातात. बुशिंग काढण्या-बसवण्याचं काम जमल्यास दिवाळीनंतर काढा. उन्हात तापलेल्या खोलीत टेपही रात्रभर ठेवू नका, त्याचा गोंद पॉलिशवर राहतो.

गोंद काढायला एनसी थिनर

रंगाच्या दुकानात पटकन मिळतं म्हणून लोक हेच आणतात. यातलं एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज. गिब्सनसारख्या गिटारवर पॉलिश त्याचंच असतं आणि ते या थिनरमध्ये विरघळतं. एसीटोनही टाळा. लायटर फ्लुइड कापडावर घेऊन आधी लपलेल्या जागी तपासा, मग पुसा. जवळ आग नको. नायट्रो पॉलिशला रबर आणि व्हिनाइलही खातं, तेव्हा कामाच्या वेळी मान टेकवायला सुती टॉवेलची गुंडाळी घ्या.

इलेक्ट्रिक गिटारचे नॉब चमच्याने उचकटू नका, खाली पोचा पडतो. आधी बाजूला बारीक स्क्रू आहे का ते बघा. नसेल तर नॉबखाली बुटाची नाडी घालून दोन्ही टोकं सरळ वर ओढा. जॅकचा (वायर जोडायच्या भोकाचा) नट सोडवताना आतला जॅक फिरू देऊ नका, वायर तुटते. पक्कडही नको, ती निसटते. पुठ्ठ्याला भोक पाडून तो नटाभोवती ठेवा आणि बॉक्स पाना वापरा.