वाढत्या वयातल्या मुलांसाठी ड्रेसिंग टेबल: घेण्याआधीची तयारीची यादी

ड्रेसिंग टेबल बहुतेक घरांत मूल बारा-तेरा वर्षांचं झालं की येतं आणि ते कॉलेजात जाईपर्यंत तिथेच राहतं. तेवढ्या काळात मुलांची उंची वाढते, आवड बदलते आणि दहावीच्या वर्षी त्याच टेबलावर पुस्तकं येऊन बसतात. म्हणून सगळ्यात आधी हे ठरवा की आरसा आणि टेबल वेगळे घ्यायचे. आरसा भिंतीवर, टेबल त्याखाली सुटं. जोडलेल्या आरशाचं टेबल दुकानात देखणं दिसतं, पण मुलाची उंची वाढली म्हणून तो आरसा वर सरकवता येत नाही, अभ्यासासाठी टेबल खिडकीखाली नेता येत नाही आणि काचेला तडा गेला की सगळंच अडून बसतं. घर भाड्याचं असेल आणि मालक भिंतीला भोकं पाडू देत नसेल, तरच जोडलेल्या आरशाचा विचार करावा.

मग वस्तू मोजा. जे काही टेबलावर आणि खणांत जाणार आहे ते सगळं एकदा पलंगावर काढून ठेवायला सांगा: कंगवे, क्लचर, रबरबँड, कानातली, टिकल्यांची पाकिटं, नेलपेंट, तेल, डिओ, हेअर ड्रायर. मुलग्याच्या खोलीतही हे करा. ट्रिमर, जेल, चष्मा, घड्याळ, परफ्यूम यांना जागा नसते म्हणून ते सगळं खिडकीच्या कट्ट्यावर पडलेलं असतं. बारीकसारीक वस्तू जास्त की उभ्या बाटल्या जास्त, हे तेव्हाच कळतं आणि खणांची मापं त्यावरूनच ठरतात. दोन भावंडांची एकच खोली असेल तर दोघांना वेगळे खण हवेतच, नाहीतर रोज सकाळी शाळेच्या वेळेला भांडण ठरलेलं.

खोलीचं माप घेताना फक्त भिंतीची लांबी लिहून थांबू नका. स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची फरशीची पट्टी) किती बाहेर आलंय, स्विचबोर्ड किती उंचीवर आहे, दार आणि कपाट उघडल्यावर कुठपर्यंत येतात, खिडकी कुठल्या बाजूला आहे, हे सगळं कागदावर उतरवा. टेबलाची डेप्थ १६ इंच धरली आणि बसून-उठून करायला मागे ३० इंच सोडले, तर भिंतीपासून जवळपास पावणेचार फूट जागा जाते. नऊ बाय दहाच्या बेडरूममध्ये ती सहज मिळत नाही. फरशीवर टेबलाच्या मापाची वर्तमानपत्रं अंथरा, पुढे स्टूल मांडा आणि कपाटाचं दार उघडून बघा. खिडकी बसणाऱ्याच्या समोर किंवा बाजूला असावी. ती पाठीमागे आली तर चेहरा अंधारात राहतो आणि आरशात नुसती खिडकीच चमकते. पलंगासमोर आरसा नको असं पुष्कळ घरांत मानतात. तुम्ही मानत नसाल तरी रस्त्यावरच्या गाड्यांचा उजेड रात्री आरशावरून थेट डोळ्यांवर येतो, त्यामुळे शक्य असेल तर जागा बदला. पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंतही टाळा. कोकणात आणि मुंबईत पश्चिमेची भिंत बऱ्याचदा तशी असते. दुसरी जागाच नसेल तर टेबलाच्या मागे निदान एक इंच हवा खेळू द्या.

टेबलाची उंची २९ ते ३० इंच, स्टुलाची १७ ते १८. गुडघ्यांसाठी मधली मोकळी रुंदी निदान २२ इंच हवी आणि मधल्या खणाच्या खाली फरशीपासून २४ इंचांपेक्षा कमी उंची नको, नाहीतर मांड्या खणाला घासतात. अभ्यासही तिथेच होणार असेल तर १६ इंचांची डेप्थ अपुरी पडते, वही आणि पुस्तक शेजारी मावत नाही. १८ ते २० इंच घ्या आणि स्टुलाबरोबर पाठ असलेली खुर्चीही धरा. जाण्या-येण्याच्या वाटेत येणारे कोपरे गोल करून मागा, कारण ते बरोबर कमरेच्या उंचीला येतात.

आता आरसा. बसून चेहरा बघायला दोन फूट उंच आणि दीड ते दोन फूट रुंद आरसा पुरतो. त्याचा मध्य फरशीपासून ४४ ते ४६ इंचांवर यावा. संपूर्ण पेहराव दिसावा म्हणून टेबलावर मोठ्ठा आरसा लावतात, तो खर्च वाया जातो: पाय आणि आरसा यांच्या मध्ये टेबलाचा पृष्ठभाग आडवा येतो, आरसा कितीही उंच केला तरी पावलं दिसत नाहीत. त्यासाठी कपाटाच्या दाराला वेगळा आरसा लावा. माणसाला स्वतःचं पूर्ण प्रतिबिंब दिसायला उंचीच्या निम्म्या लांबीचा आरसा लागतो आणि कितीही मागे सरकलं तरी हे प्रमाण बदलत नाही. आज पावणेपाच-पाच फूट असलेलं मूल उद्या पावणेसहा फुटांवर गेलं तरी, खालची कड फरशीपासून २२ इंचांवर ठेवलेला चार फुटी आरसा दोन्ही उंचींना पुरतो. वाढत्या वयासाठी हे गणित फार उपयोगाचं आहे.

काच ५ मिमीची घ्या. ४ मिमीच्या मोठ्या काचेत चेहरा किंचित वाकडा दिसू शकतो. ५ मिमीचा दोन बाय तीन फुटी आरसा साधारण सात किलो भरतो, म्हणून त्याला नुसत्या डबल टेपच्या भरवशावर सोडू नका. १२ मिमीचा प्लाय भिंतीला प्लग आणि स्क्रूने बसवून त्यावर आरसा लावायला सांगा. भिंतीच्या ओलीपासून तो वाचतो आणि तीन-चार वर्षांनी प्लायसकट वर सरकवता येतो. चिकटवायला न्यूट्रल सिलिकॉन किंवा खास आरशाचा गोंद मागा. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन आरशामागचा चांदीचा थर खातं आणि काही महिन्यांत काळे डाग पडतात. मागे सेफ्टी फिल्म लावलेली असली तर काच फुटली तरी तुकडे जागेवर राहतात. मुलांच्या खोलीत ती लावाच. पुसताना फवारा कापडावर मारायचा, आरशावर नाही. पाणी ओघळून खालच्या कडेत शिरतं आणि काळेपणा तिथूनच सुरू होतो.

उजेड आरशाच्या वरून एकट्या पट्टीचा नको, त्याने डोळ्यांखाली आणि नाकाखाली सावली पडते. आरशाच्या दोन्ही बाजूंना, बसल्यावर डोळ्यांच्या उंचीला दिवे हवेत. उजेडाचा रंग ४००० केल्व्हिनच्या आसपासचा, म्हणजे ना पिवळा ना निळसर, आणि सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० किंवा जास्त. पिवळ्या उजेडात जमलेला फाउंडेशनचा रंग उन्हात वेगळाच दिसतो. या दिव्यांचे विजेचे पॉइंट टेबल येण्याआधी काढून घ्या. ड्रायरचा सॉकेट टेबलाच्या वर, हाताशी यावा. ६ अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॅट चालतात, त्यामुळे १६०० किंवा २००० वॅटचा ड्रायर असेल तर १६ अँपिअरचाच पॉइंट घ्या. टेबलामागे दडवलेला एक्स्टेन्शन बोर्ड कोणाच्या नजरेस पडत नाही आणि तापत राहतो. हेअर स्ट्रेटनरच्या पट्ट्या २०० अंशांच्या पुढे जातात. तो ठेवायला सिलिकॉनची मॅट किंवा स्टीलचा उभा डबा आणा, आणि गरम असताना खणात टाकायचा नाही हे मुलांना स्पष्ट सांगा.

लाकडाच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत होते. तयार टेबलं बहुतेक पार्टिकल बोर्डची असतात, म्हणजे लाकडाचा भुसा गोंदात दाबून केलेला बोर्ड. कोरडा राहिला तर तो बरीच वर्षं टिकतो. पण रोज फरशी पुसताना ओलं फडकं पायाला लागतं, बोर्डची खालची उघडी कड पाणी पिते, फुगते आणि सनमायका सुटते. दुकानात टेबल तिरपं करून खालची बाजू बघा. तिथे एजबँडची, म्हणजे बोर्डची कड झाकणारी, पट्टी नसली आणि बोर्डचा भुसा दिसत असला तर ते घेऊ नका. पाय प्लॅस्टिकचे किंवा धातूचे, निदान दोन इंच उंच हवेत. वारंवार घर बदलणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की पार्टिकल बोर्ड दोन-तीनदा खोलून जोडला की स्क्रूची पकड जाते.

सुतार घरी बसवून करणार असाल तर १८ किंवा १९ मिमीचा प्लाय, त्यावर आयएस ३०३ (प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का आणि बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला टिकणारी, ग्रेड बघून घ्या. समुद्राकाठच्या दमट घरात आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लाय, घेतला तर उत्तम. खणांच्या बाजूंना १२ मिमी, पाठीला ६ मिमी पुरतो. वर १ मिमीची सनमायका लावा, पॉलिश किंवा अॅक्रिलिक नको. नेलपेंट रिमूव्हरमधलं अॅसिटोन पॉलिशवर सांडलं की डाग कायमचा. सनमायकावरून ते लगेच पुसलं तर काही होत नाही. रंग साधा ठेवा, पांढरट किंवा लाकडी. गुलाबी टेबल आणि कार्टूनची चित्रं सोळाव्या वर्षी मुलीलाच नकोशी होतात. तिच्या आवडीचा रंग स्टुलाच्या कापडात आणि खणांच्या हँडलमध्ये येऊ द्या, ते दोन्ही सहज बदलता येतं.

खणांत वरचा उथळ, आतून तीन इंच, बारीक वस्तूंसाठी. एक खोल, आतून नऊ इंच, बाटल्या उभ्या राहण्यासाठी. टेलिस्कोपिक चॅनलला, म्हणजे खण ज्यांवर सरकतो त्या धातूच्या पट्ट्यांना, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच, म्हणजे चार-चार सूत जागा लागते. सुताराने ती कमी सोडली तर खण अडकतो, जास्त सोडली तर डुगडुगतो. चॅनल टेबलाच्या डेप्थपेक्षा साधारण दोन इंच कमी लांबीचं घ्या. एका खणाला कुलूप हवंच आणि किल्ली मुलाकडे द्या. डायरी, चिठ्ठ्या, सॅनिटरी पॅड, साठवलेले पैसे, या वयात स्वतःची एक जागा असणं त्यांना फार गरजेचं असतं.

निवडताना मुलाला बरोबर न्या, स्टुलावर बसवा, सगळे खण पूर्ण बाहेर ओढायला लावा. टेबलाचा वरचा कोपरा धरून आडवं हलवा. सांधे करकरले किंवा ते झुललं तर पुढचं बघा. घरातलं दार आणि इमारतीची लिफ्ट मोजूनच ऑर्डर द्या. बसवून झाल्यावर माणूस जायच्या आत टेबल दोन एल-पट्ट्यांनी भिंतीला पक्कं करून घ्या, विशेषतः घरात लहान भावंडं असतील तर, कारण उघड्या खणावर चढलं की हलकं टेबल पुढे येतं. नव्या बोर्डला उग्र वास येत असेल तर तो गोंदातल्या फॉर्मल्डिहाइडचा असतो. ऑर्डर देतानाच ई-१ किंवा ई-० चा, म्हणजे फॉर्मल्डिहाइड कमी सोडणारा, बोर्ड मागा, आणि टेबल आल्यावर आठवडाभर खण उघडे, खिडकी उघडी ठेवून मगच सामान भरा.