हिवाळ्यात बंद घरात हवा खेळती कशी ठेवावी

खानदेशातली घरे उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली असतात. डिसेंबर-जानेवारीत जळगाव-धुळ्याकडे रात्रीचा पारा १० अंशांखाली उतरू लागला की आपण दारे-खिडक्या लावून घेतो, व्हेंटिलेटरमध्ये गोणपाट कोंबतो आणि सकाळी डोके जड झाले की थंडीला बोल लावतो. तो दोष बहुधा थंडीचा नसून रात्रभर तीच ती हवा घेतल्याचा असतो.

हिशेब करून पाहावा. १० बाय १२ फुटांच्या आणि १० फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३४ हजार लिटर हवा मावते. झोपलेला प्रौढ माणूस तासाला साधारण १२-१३ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो, म्हणजे चार माणसांचा तो ५० लिटर झाला. बाहेरच्या हवेत या वायूचे प्रमाण दर दहा लाख भागांत ४२० च्या आसपास असते आणि घरात ते १,००० च्या आत राहिले तर खोली हवेशीर समजतात. पूर्ण बंद खोलीत चार माणसे ही मर्यादा अर्ध्या तासाच्या आतच ओलांडतात. शिवाय रात्रभरात त्यांच्या श्वासातून आणि अंगातून लिटरभर तरी पाणी हवेत जाते. गार भिंतीला टेकलेल्या कपाटामागे जी बुरशी धरते आणि गोधड्यांना जो कुबट वास येतो, त्याचे मूळ बरेचदा याच ओलीत असते.

तरीही सर्वांत आधी विचार करायचा तो विस्तवाचा. निखाऱ्यांची शेगडी, घमेल्यातली शेकोटी किंवा पेटता बंब बंद खोलीत किंवा बंद न्हाणीघरात कधीही ठेवू नये, आणि ‘धूर निघून गेला, आता नुसते निखारेच आहेत’ ही सबब ऐकून घेऊ नये. धूर नसलेल्या, धुमसणाऱ्या निखाऱ्यांतूनच कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळे चुरचुरवत नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. घरातल्या दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी ठणकू लागले, मळमळू लागले किंवा पाय लटपटू लागले, तर कारण शोधत न बसता सर्वांना आधी अंगणात काढावे आणि लगेच दवाखाना गाठावा. गॅस गीझरचेही हेच. तो न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या जागी बसवावा. आत बसवलेला असेल तर दार उघडे ठेवून बादल्या भराव्यात, गीझर बंद करावा आणि मगच कडी लावावी.

आपल्याकडे बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवण्याची रीत आहे. माझ्या बहिणीच्या बाळंतपणात, वारा लागू नये म्हणून, आईने खिडकीच्या प्रत्येक फटीत चिंध्या कोंबल्या होत्या. ओवा-बाळंतशेपाची धुरी घातल्यावर तो धूर खाटेच्या उंचीवर एका थरात लोंबत राहिला, हलेचना, आणि बाळ त्याच थरात निजलेले होते. मोठे माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेते, नवजात बाळ ३० ते ६०. मी आईला काही समजावले नाही, फक्त तो थर बोटाने दाखवला. तिने स्वतःच उठून वरच्या झडपेतल्या चिंध्या ओढून काढल्या. शेक द्यायचाच असेल तर तव्यावर गरम केलेल्या ओव्याची पुरचुंडी किंवा गरम पाण्याची पिशवी पुरते, आणि तिला धूर नाही.

आता हवेच्या वाटेकडे वळू. हवेला आत यायला खाली एक वाट आणि बाहेर जायला वर एक वाट लागते, कारण गरम हवा हलकी होऊन छताकडे चढते आणि तिची जागा गार हवा खालून भरून काढते. आत आणि बाहेर यांच्या तापमानात फरक जितका जास्त, तितका हा ओढा जोरदार. म्हणूनच थंडीच्या रात्री उघडी जागा लहान असली तरी काम भागते. छताजवळचा व्हेंटिलेटर चार बोटे उघडा ठेवावा, दाराखालची फट बुजवू नये आणि खाट या दोन्हींच्या मधल्या रेषेतून बाजूला सरकवावी. जुन्या धाब्याच्या घराला छतातच झरोका असे. स्लॅब टाकताना आपण तो गमावला आणि त्याच्या जागी दुसरे काही ठेवले नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

वाट खरेच चालू आहे का, हे उदबत्तीने तपासता येते. पेटती उदबत्ती दाराखालच्या फटीशी धरावी. धुराची रेघ खोलीच्या आत वाकली पाहिजे. मग स्टुलावर चढून तीच व्हेंटिलेटरशी धरावी. तिथे धूर जाळीतून बाहेर खेचला गेला पाहिजे. तो छताशीच घोटाळत राहिला तर जाळी बोटाने पुसून पाहावी. डासांच्या जाळीवर वर्षभराची धूळ नि कोळिष्टके बसून तिची छिद्रे बुजलेली असतात. साबणाच्या पाण्याने ती धुतल्यावर फरक लगेच दिसतो.

आणखी एक अडथळा आपल्या डोळ्यांसमोर असून दिसत नाही, तो म्हणजे कूलर. खोलीतली सर्वांत मोठी खिडकी त्याला दिलेली असते आणि दिवाळीपासून होळीपर्यंत ती ताडपत्रीखाली बंद राहते. थंडी लागताच कूलर उतरवून त्याचे जुने गवत फेकून द्यावे, टाकी कोरडी करावी आणि ती खिडकी मोकळी करावी.

दिवसाचे काम सोपे आहे. जर्मनीत लोक बर्फ पडत असतानाही खिडक्या पाच-दहा मिनिटे सताड उघडतात, कारण तेवढ्या वेळात हवा बदलते पण भिंतींतली ऊब टिकते. आपल्याकडे तर भर हिवाळ्यातही दुपार उबदार असते, तेव्हा अकरा ते चार या वेळात समोरासमोरची दारे-खिडक्या उघडून गाद्या-गोधड्या उन्हात टाकाव्यात. भल्या पहाटे मात्र घाई करू नये. गार हवा जमिनीलगत साचते आणि कुणी शेतात पऱ्हाट्या पेटवल्या असतील तर तो धूर वर न जाता वस्तीवरच बसतो.

स्वयंपाकघरात एक किलो गॅस जळला की सुमारे दीड लिटर पाण्याची वाफ होते, म्हणून भाकरी थापायला घेण्याआधीच एक्झॉस्ट फॅन लावावा आणि समोरची खिडकी किंवा दार थोडे उघडावे. बाहेरची हवा आत आल्याशिवाय पंखा आतली हवा बाहेर टाकू शकत नाही. मिरच्या भाजताना पंखा चालू असूनही सगळे घर खोकते, ते बहुधा याच कारणाने.

बंद खोलीत डासांची कॉइल लावू नये. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाल्याचे आढळले होते. त्याऐवजी मच्छरदाणी बांधावी आणि अंगावर एक वाकळ जास्त घ्यावी, म्हणजे व्हेंटिलेटर रात्रभर उघडा ठेवता येतो.