वेगळ्या बटणावर हॉर्न : वायर कापण्याआधीची तयारी

स्टिअरिंगवरचा हॉर्न धड वाजत नाही म्हणून डॅशबोर्डवर त्याचं वेगळं बटण लावायचं मनात असेल, तर सामान आणायला बाहेर पडण्याआधी हॉर्न नेमका कुठे अडलाय ते शोधून काढा. पुष्कळदा वेगळ्या बटणाची गरजच नसते आणि हे आपल्याला डॅशबोर्डला भोक पाडून झाल्यावर कळतं. आमच्या घरची मारुती ८०० जुनी, एअरबॅग नसलेली. एका पावसाळ्यात तिचा हॉर्न मनाला येईल तेव्हा वाजायला लागला. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की हमखास गप्प. बाबा म्हणाले, ‘‘हॉर्न गेलाय, नवा आण.’’ आणला. तोही तसाच. शेवटी स्टिअरिंगचं चाक उतरवलं तेव्हा दिसलं की मागच्या पितळी चकतीवर जी स्प्रिंगची पट्टी घासत असते ती एका बाजूने पार झिजली होती. तो नवा हॉर्न अजून माळ्यावर पडून आहे.

तेव्हा तपासणीसाठी अर्धा तास आणि एक माणूस हाताशी ठेवा. आधी फ्यूज उपसून उजेडात धरा. तो शाबूत असेल तर त्या माणसाला हॉर्न दाबायला सांगा आणि तुम्ही रिलेजवळ (बटणाच्या थोड्याशा करंटवर हॉर्नचा मोठा करंट चालू करणारी छोटी डबी) कान न्या. दाबल्याबरोबर ‘टक्’ असा बारीक आवाज आला आणि तरी हॉर्न मुका राहिला, तर स्टिअरिंगकडची बाजू ठीक आहे. दोष रिलेच्या आतल्या संपर्कात, हॉर्नमध्ये, त्याच्या वायरीत किंवा अर्थमध्ये, म्हणजे बॉडीशी असलेल्या जोडणीत. अशा वेळी बॅटरीवरून दोन वायरी थेट हॉर्नला एक सेकंद लावून बघा. खणखणीत वाजला तर हॉर्न बरा. बेडकासारखा डरकला तर आतल्या पॉइंटना (करंट जोडणाऱ्या टोकांना) गंज धरलाय किंवा करंट अपुरा पोचतोय. हॉर्नची पट्टी जिथे बॉडीला बसते तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने खरवडा. एवढ्यानेही काही गाड्या बोलायला लागतात. मग बटणाचा विषय तिथेच मिटला.

‘टक्’च येत नसेल तर पुढची चाचणी, आणि ही माझी आवडती. स्टिअरिंग कॉलमखालचं कव्हर काढा, वायरिंग डायग्राम बघून हॉर्नची वायर ओळखा आणि तिचा कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड) सोडवा. रिलेकडे जाणारं टोक बॉडीला थेट टेकवायचं नाही. मध्ये टेस्ट लॅम्प (वायरीत करंट आहे का ते दाखवणारा छोटा दिवा) धरा, साध्या बल्बचा, एलईडीचा नको. रिलेच्या कॉइलला (आतल्या तारेच्या गुंडाळीला) जेमतेम ०.१५ अँपिअर लागतो, म्हणून बल्ब पेटतही नाही पण रिले ओढली जाते आणि हॉर्न वाजतो. वाजला, तर रिलेपासून हॉर्नपर्यंत सगळं धडधाकट आहे आणि फक्त स्टिअरिंगमधला संपर्क गेलाय. वेगळं बटण लावायचं ते याच दुखण्यावर. उलट बल्ब लख्ख पेटला आणि हॉर्न गप्प राहिला, तर ती वायर तुम्हाला हवी ती नाही, किंवा गाडीत रिलेच नाही. अशी भलती वायर थेट टेकवली असती तर फ्यूज उडाला असता आणि आपण दुसऱ्याच वाटेला लागलो असतो.

इथे एक सक्त सूचना. चाकात एअरबॅग असेल तर हे काम घरी करायचं नाही. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग सक्तीची आहे आणि अनेक गाड्यांत ती त्याआधीपासूनच आहे. अशा गाडीत स्टिअरिंगमागे क्लॉक स्प्रिंग नावाची गुंडाळलेली पट्टी असते. हॉर्नही तिच्यातूनच जातो आणि एअरबॅगचा सिग्नलही. हॉर्न बंद आणि मीटरवर एअरबॅगचा दिवा चालू असं दोन्ही एकदम दिसलं, तर पट्टी तुटली असण्याची शक्यता मोठी. डॅशबोर्डवर बटण लावून हॉर्न वाजेलही, पण अपघातात एअरबॅग उघडणार नाही त्याचं काय? तिथे क्लॉक स्प्रिंगच बदलून घ्यावी, आणि एअरबॅगच्या पिवळ्या स्लीव्हच्या वायरींना टेस्ट लॅम्प तर सोडाच, बोटसुद्धा लावू नये.

दुखणं कळलं की कामाचे दोन आकार होतात आणि सामान त्यावर ठरतं. रिले ठीक असेल तर काम हास्यास्पद वाटावं इतकं छोटं आहे. बहुतेक गाड्यांत हॉर्नचं बटण करंट पुरवत नाही, रिलेच्या कॉइलला फक्त अर्थ देतं. तेव्हा कॉलमखालून निघणारी तीच वायर नव्या बटणाच्या एका टोकाला आणायची आणि दुसरं टोक बॉडीला अर्थ करायचं. दोन मीटर वायर, एक बटण, दोन लग (वायरीच्या टोकाला चेपून बसवायच्या धातूच्या टोप्या), झालं. जुनं बटणही जोडलेलं राहू द्या, जमेल तेव्हा तेही वाजेल.

रिले नसेल किंवा मेलेली असेल तर ती नव्याने बसवावी लागते. ‘रिले कशाला, बटणातूनच ओढू की वायर’ असं सांगणारा एक तरी भेटतोच. त्याचं ऐकायच्या आधी हा हिशेब करा. डिस्क हॉर्नची जोडी साधारण ८ ते १० अँपिअर खाते, आणि बाजारातलं स्वस्तातलं छोटं बटण बहुधा ३ अँपिअरचं असतं. त्यात ०.५ चौरस मिलिमीटरची बारीक वायर येऊन-जाऊन पाच मीटर फिरवली, तर ८ अँपिअरला जवळजवळ १.४ व्होल्ट वायरीतच जातात. हॉर्न घशात काहीतरी अडकल्यासारखा वाजतो आणि बटणाचे पॉइंट काही आठवड्यांत काळे पडतात. जाड करंट बॉनेटखालीच फिरू द्या. डॅशबोर्डपर्यंत कॉइलचा तेवढा चिमूटभर येऊ दे.

दुकानात मागायचं ते असं. १२ व्होल्ट, ३० अँपिअरची चार पायांची रिले, बेससकट. पायांवर आकडे कोरलेले असतात : ३० वर बॅटरीचा प्लस फ्यूजमधून, ८७ वरून हॉर्न, ८६ ला प्लस, ८५ वरून बटण आणि तिथून अर्थ. पाच पायांचीच मिळाली तर मधला ८७ए रिकामा सोडा. हॉर्न चुकून त्यावर जोडलात तर बटण न दाबता वाजेल आणि दाबल्यावर थांबेल. १५ अँपिअरचा पात्याचा फ्यूज, वायरीवर बसणाऱ्या होल्डरसकट, आणि दोन फ्यूज जादा. हॉर्नसाठी २.५ चौरस मिलिमीटरची लाल आणि काळी, बटणासाठी १ चौरस मिलिमीटरची. गाडीची म्हणून सांगून घ्या, घरगुती फिटिंगची कडक वायर नको. लांबी अंदाजाने मागू नका. गाडीत सुतळी वळणावळणाने फिरवून मोजा आणि वर अर्धा मीटर धरा. शिवाय लग, हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की वायरीवर आवळून बसणारी नळी), वायर भोकातून आत घेताना कडेवर घासू नये म्हणून रबरी ग्रोमेट, नळीदार कव्हर, केबल टाय. लग दाबायची खरी पक्कड उसनी मिळाली तर पाहा. साध्या पकडीने चेपलेली लग वरून छान दिसते आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर निसटते. पुण्यात नाना पेठेत हे सगळं चार दुकानांच्या आत मिळून जातं. गावाकडे बॅटरीवाल्याकडे विचारा, तो ठेवतो.

बटणाबद्दल मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माती तिथेच खाल्ली होती. बटण दाबलं की चालू आणि सोडलं की बंद, असंच हवं. मी दिसायला देखणं, कडेला निळा दिवा असलेलं घेतलं. घरी येऊन जोडलं, दाबलं, हॉर्न वाजला. बोट काढलं तरी वाजतच राहिला. ते एकदा दाबून चालू, पुन्हा दाबून बंद असं खटक्याचं होतं, आणि गडबडीत पुन्हा दाबायचं सुचलं नाही. रविवारची सकाळ, सात वाजलेले, सोसायटीच्या तीन गॅलऱ्यांत माणसं. तेव्हापासून दुकानातच मल्टिमीटर लावून बघतो. मीटर नसेल तर काउंटरवर दहा वेळा दाबा, बोटाला फरक कळतो. दारावरच्या बेलचं बटणही चालतं. रिलेच्या कॉइलपुरता करंट त्याला सहज झेपतो. फक्त उघड्या जीपला नको, पहिल्या पावसात त्यातली पट्टी हिरवी पडते.

जागा कागदावर ठरवू नका. गाडीत बसा, बेल्ट लावा, हात नेहमीसारखे चाकावर ठेवा आणि डोळे मिटून बोट पुढे करा. जिथे पडेल तिथे मास्किंग टेपचा तुकडा लावा. मग तशीच दोन दिवस गाडी चालवा. माझा पहिला तुकडा गिअरच्या बाजूला होता. पसरणी घाटात वळणावर डावा हात गिअरवर अडकला आणि त्याच क्षणी समोरून एसटी आली, तेव्हा कळलं की बटण उजव्या बोटांच्या टप्प्यात हवं, हात चाकावरून न उचलता. चढता-उतरताना गुडघा लागेल इतकं खाली नको. शेजारच्या सीटवरच्या पोराच्या हाताला येईल तिथे तर नकोच. भोक पाडायच्या आधी पॅनेलच्या मागे काय आहे ते हात घालून चाचपा. ड्रिल पलीकडच्या वायरिंगमध्ये घुसलं की हॉर्नचं काम बाजूला राहतं.

नवा हॉर्नही घालणार असाल तर आवाजाचा मोह आवरा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ११९ एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणारे आणि कर्कश हॉर्न चालू देत नाही. कंपनीच्या हॉर्नएवढाच, साधा एका सुराचा घ्या. आणि ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ हॉर्न वाजवायला मनाई आहे, तेव्हा चाचणीची वेळही त्याप्रमाणे धरा. आमच्या शेजाऱ्यांसारखे शेजारी असतील तर सकाळी दहानंतरचीच.

आदल्या रात्री एवढं बघून ठेवा. बॅटरीच्या नटाचा पाना (आमच्या गाडीला दहा नंबरचा लागतो), मोठा पेचकस, पक्कड, टेस्ट लॅम्प, मोबाइलचा टॉर्च चार्ज केलेला. हातातली अंगठी आणि कडं काढून घरात. मूळ वायरिंगचे चार बाजूंनी फोटो. फ्यूज बॉक्सचं झाकण उघडून हॉर्नचा फ्यूज कुठे आहे ते बघून घ्या, कारण हॉर्न अडकून वाजायला लागला तर डोकं चालत नाही, फ्यूज उपसायला हात मात्र चालतो. बॅटरी सोडताना आधी मायनस, जोडताना मायनस शेवटी. उलट केलंत तर प्लसवरचा पाना बॉडीला टेकायचा अवकाश, ठिणगी पडलीच. सेंट्रल लॉक असेल तर बॅटरी सोडण्याआधी किल्ली खिशात टाका. स्टिरिओला कोड असेल तर तो शोधून ठेवा.

वायरीचा रस्ताही आदल्या दिवशीच डोळ्यांखालून घाला. फायरवॉलमध्ये (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यात) कारखान्याने पाडलेलं आणि रबर बूच लावलेलं एखादं भोक असतंच, तेच वापरा. सायलेन्सरच्या पाइपाजवळून, क्लच केबलच्या वाटेतून आणि स्टिअरिंगच्या जॉइंटवरून वायर नेऊ नका. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. तो रिलेजवळ बसवला तर मधल्या वायरीला कुणीच राखणदार उरत नाही. रिले पाय खाली करून उभी बसवा, म्हणजे पाणी साठत नाही. हॉर्नचं तोंड पुढे किंवा खाली.

सगळं जोडून झालं की आधी इंजिन बंद ठेवून वाजवा, मग चालू करून. त्यानंतर चाक पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून वाजवा, बॉनेट आपटून वाजवा. पाच मिनिटांनी रिले आणि फ्यूज होल्डरला हात लावा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. घरात आणखी कोण गाडी चालवतं त्यांना शेजारी बसवून बटण दाखवा. बाबांना मी तीनदा दाखवलं, तरी पहिल्याच वळणावर त्यांची मूठ चाकाच्या मध्यावरच पडली. मग ‘कुठे लावलंस रे ते’ म्हणत उजवीकडे चाचपली. म्हणून मी बटणाभोवती लाल इन्सुलेशन टेपचा एक वेढा दिलाय.