वाटाण्याचा सिनेमा: चार वर्षांच्या मुलासोबत घरी कसा करायचा

'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट १९१३ साली लोकांसमोर आला. त्याच्या आदल्या वर्षी दादासाहेब फाळक्यांनी आणखी एक इवलासा पट केला होता, 'अंकुराची वाढ'. त्याचा नायक होता कुंडीतला वाटाणा. महिनाभराची त्याची वाढ मिनिटाभराच्या आसपास पडद्यावर दिसायची. हे पाहून पैसेवाल्यांचा विश्वास बसावा आणि मोठ्या चित्रपटाला भांडवल मिळावं, हा त्यामागचा हेतू.

बालवाडीतल्या मुलांसाठी मला याहून चांगला सिनेमा सुचत नाही. तो मुलांना दाखवायचा मात्र नाही, त्यांच्याकडून करून घ्यायचा.

लागणारं सामान घरातच असतं: सरळ उभ्या कडांचा काचेचा ग्लास, पांढरा टिश्यू पेपर, फोन, चिकटपट्टी आणि उसळीसाठी आणतो तो अख्खा वाळका वाटाणा. अख्खा हे महत्त्वाचं. मी पहिल्या खेपेला फ्रीजरमधला सोललेला मटार वापरला होता. चार दिवसांत फक्त वास आला.

रात्री मुलालाच मूठभर वाटाणे भिजत घालायला सांगा. सकाळी कोरडा आणि भिजलेला दाणा शेजारी ठेवून विचारा, "काय झालं याला?" ("याचं पोट भरलं" हे उत्तर मला आजवरचं सर्वांत आवडलेलं.) दाणे नाकाकानात किंवा घशात जाऊ शकतात, तेव्हा हाताळताना मोठं माणूस शेजारी हवंच.

आता टिश्यूची गुंडाळी ग्लासात आतून काचेला लागेल अशी बसवा. काच आणि कागद यांच्या मध्ये, साधारण अर्ध्या उंचीवर, तीन-चार दाणे खोचा. एखादा रुसतोच, म्हणून एकावर भिस्त नको. तळाशी बोटभर पाणी घाला. कागद ते वर ओढून घेतो. दाणा पाण्यात बुडाला तर कुजतो.

यापुढचं काम कॅमेऱ्याचं. ग्लास आणि फोन ठेवायच्या जागा चिकटपट्टीने आखून घ्या. फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवा. रोज एकाच वेळी, उदाहरणार्थ दात घासल्यावर, एकच फोटो काढायचा आणि बटण मुलानेच दाबायचं. मूल दिवसातून दहा वेळा ग्लासाकडे धावेल. धावू द्या, पण फोटो मात्र उद्याच. ही वाट बघणं हाच या खेळाचा गाभा आहे, त्यामुळे कंटाळा आला म्हणून तुम्ही घाई करू नका.

दोन-तीन दिवसांत आधी मूळ बाहेर येतं, कोंब नंतर. मुलांना बहुतेक वेळा उलटं वाटत असतं. रोज फोटोनंतर लोकरीचा तुकडा मुळाच्या लांबीएवढा कापून कागदावर ओळीने चिकटवत गेलात, तर आठवडाभरात लांबीचा जिनाच तयार होतो. कोणता मोठा, कोणता छोटा, कालच्यापेक्षा किती वाढला, हे सगळं आकड्यांशिवाय बोलता येतं. मोड, मूळ, कोंब, देठ हे शब्दही ओघातच येतात, पाठ करून घ्यायची गरज नाही.

मूळ बोटाच्या पेराएवढं झालं की पाणी ओतून टाका, टिश्यू ओलसर राहू द्या आणि ग्लास आडवा करून ठेवा. कागद सुकत आला तर पाणी शिंपडा. एक-दोन दिवसांत मूळ वळून पुन्हा जमिनीकडे निघतं. "त्याला खाली कुठे ते कसं कळलं?" या प्रश्नावर लगेच गुरुत्वाकर्षण सांगू नका. आधी मुलाचं म्हणणं ऐका.

मधल्या दिवसांत हेच अंगाने करून बघता येतं. चादरीखाली मुटकुळं करून निजायचं, तुम्ही "पाणी घातलं" म्हणालात की आधी एक पाय बाहेर काढायचा (तो मूळ), मग हळूहळू उभं राहायचं. हळूहळू हेच अवघड असतं.

बारा-पंधरा फोटो झाले की ॲपची गरज नाही. फोनमध्ये भराभर बोट सरकवलं तरी वाटाणा वाढताना दिसतो. मला मात्र कागदी सिनेमा जास्त आवडतो. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे एकसारखे बारा तुकडे कापा, प्रत्येकावर ग्लास तुम्ही त्याच जागी काढून द्या, आतला वाटाणा मूल काढेल. एका कडेला पिना मारून पानं फरफर सोडा. तीन वर्षांच्या मुलाला मात्र चारच चित्रं द्या आणि क्रमाने लावायला सांगा.

शेवटी भिंतीला पांढरी चादर लावा, कागदाची तिकिटं करा, आजी-आजोबांना बोलवा. पट सुरू असताना निवेदन मुलाचं, तुम्ही गप्प.

खेळ झाल्यावर रोप कुंडीत लावा आणि शेजारी काडी रोवा, कारण वाटाण्याच्या वेलाला आधार लागतो. हे सगळं थंडीत करा. एप्रिल-मेच्या उकाड्यात वाटाणा रुसतो. तेव्हा मटकी किंवा मूग घ्या. त्यांना दुसऱ्याच दिवशी मोड येतात, म्हणून सिनेमा जरा लवकर संपतो.