हॉटस्पॉट दिसेना, मग केबलच लावली

गावच्या घरी वायफाय नाही, लॅपटॉप जुना. मोबाइलचा हॉटस्पॉट चालू केला तर लॅपटॉपच्या यादीत शेजाऱ्यांचं नेटवर्क दिसतंय, माझंच नाही! फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झच्या बँडवर (वायफाय लहरींच्या पट्ट्यावर) होता आणि या लॅपटॉपचं वायफाय कार्ड फक्त २.४ ओळखतं. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड २.४ केला, लगेच दिसलं. पण नेट रडतखडत, आणि फोन तापून बॅटरी झरझर उतरायला लागली.

म्हणून यूएसबी टेदरिंग, म्हणजे केबलने फोनचं नेट लॅपटॉपला देणं. तो पर्याय आधी पुसट दिसत होता, दाबला जाईना. हातातली केबल फक्त चार्जिंगची निघाली. तिच्यात डेटाच्या तारा नसतात. फोनसोबत आलेली केबल लावताच पर्याय उजळला. वेग बरा, चार्जिंगही चालू. फक्त केबल काढली की टेदरिंग बंद होतं, दर वेळी पुन्हा चालू करावं लागतं.

एक मात्र सांभाळा. विंडोज या जोडणीला ‘इथरनेट’ समजतं, म्हणजे डेटा अमर्याद असल्यासारखं अपडेट ओढत बसतं. सेटिंग्ज, नेटवर्क, इथरनेटमध्ये जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’ (म्हणजे डेटा मोजकाच आहे, जपून वापर) चालू करा, नाहीतर दिवसाचा दीड जीबी दुपारच्या चहाआधीच संपलाच समजा.