तट आणि पिंपळाचं मूळ : भाजक्या मातीचं शिल्प कसं करावं

पावसाळा सरला की पन्हाळ्याच्या तटाभोवती किंवा पंचगंगा घाटावरच्या देवळांपाशी जाऊन जुनी भिंत नीट न्याहाळा. पाखरांनी टाकलेलं पिंपळाचं बी काळ्या दगडांच्या सांध्यात रुजलेलं कुठेतरी सापडतंच. अख्ख्या देवळाचं चित्र काढू नका. मूळ कुठून आत शिरलं, कोणता दगड किती सरकला, एवढंच टिपून घ्या. निसर्ग आणि बांधकाम यांची खरी ओढाताण त्या सांध्यात आहे.

शाडूची मूर्ती आपण भाजत नाही, म्हणून इथे शाडू नको. कुंभाराकडून भाजायची लाल माती आणा. तिच्यात भाजक्या मातीचा बारीक चुरा, साधारण पाचवा हिस्सा, मळा. त्याने आकुंचन कमी होतं आणि वाफेला वाट मिळते.

एक सेंटीमीटर जाडीची माती लाटून भिंत उभी करा. आत पोकळ ठेवा, तळाला भोक पाडा.

आता मूळ, आणि इथे घाई करू नका. वरून चिकटवलेलं मूळ नक्षीसारखं दिसतं. भिंत उभी राहते पण नख उमटतं, अशा बेताची असतानाच आतून अंगठ्याने दाबून तिला फुगवटा द्या, तिच्यावर आखलेला एखादा दगड पुढे ढकला. त्या फटीत खाच करा. खाच आणि मूळ, दोन्हींवर ओरखडे काढून पातळ मातीचा चिक लावा आणि दाबून बसवा. दोन्हींचा ओलावा सारखाच हवा. सुकत्या भिंतीला ओलं मूळ लावलं तर ते जास्त आकसतं आणि तडा नेमका सांध्यात जातो. जाड मूळ आतून कोरून घ्या.

प्लॅस्टिकखाली सावकाश वाळवा. हवा दमट असेल तर याला बराच वेळ लागतो. गालाला गार लागलं तर ओल अजून आहे.

भट्टी पहिल्या 120 अंशांपर्यंत अगदी मंद चढवा. ओलीची वाफ एकदम झाली तर शिल्प फुटतं. 573 अंशांच्या आसपास मातीतले गारगोटीचे (क्वार्ट्झचे) कण एकदम फुगतात किंवा आकसतात, तिथे चढताना आणि उतरताना सबुरी ठेवा. 1000 अंश पुरेत. शंभराच्या खाली उतरल्याशिवाय दार उघडू नका.

चकाकीचा लेप टाळा, त्याने सांध्यातले बारीक ओरखडे बुजतात. मातीतल्या लोहाचा विटकरी रंग मला पुरेसा वाटतो. तटाचा काळा रंग हवाच असेल, तर भट्टीत धूर कोंडून भाजा.