बारा दिवसांत सहा सामने: थकलेला संघ कसा सांभाळायचा

बर्फाच्या वादळामुळे रद्द झालेला सामना कुठे जात नाही. तो दोन आठवडे दबा धरून बसतो आणि आधीच भरलेल्या आठवड्यात येऊन घुसतो.

मी अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका लहान, डिव्हिजन तीनमधल्या (कॉलेज खेळांच्या तिसऱ्या पातळीवरच्या) कॉलेजात ॲथलेटिक ट्रेनर आहे. नाव ऐकून लोकांना वाटतं मी व्यायाम करून घेते. घोटे बांधणं, दुखापत ओळखणं, खेळाडूला परत उभं करणं आणि वेळ आली की 'आज हा खेळणार नाही' असं कोचला सांगणं, हे माझं काम. आमचा पुरुष बास्केटबॉल संघ एरवी बुधवारी आणि शनिवारी खेळतो. एका हंगामात दोन सामने बर्फात अडकले आणि ते लागोपाठच्या दोन सोमवारी लावले गेले. शनिवार, सोमवार, बुधवार, पुन्हा शनिवार, सोमवार, बुधवार. त्या बारा दिवसांच्या शेवटी आमच्या पॉइंट गार्डच्या, म्हणजे चेंडू घेऊन संघाचा खेळ चालवणाऱ्या मुलाच्या, नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला होता आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. त्यानंतर मी कामाची पद्धत बदलली. मराठी घरांतली मुलं आता इथे कॉलेजात खेळतात, काही जण संघाचे मॅनेजर किंवा सहायक कोच आहेत, म्हणून ती सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. दाट वेळापत्रकात थकवा घालवण्यासाठी काय काय करायचं याची यादी वाढवत बसू नका. काय काढून टाकायचं ते ठरवा. बर्फाचं पाणी, मसाज, पायांना दाब देणारे बूट हे सगळं नंतरचं. दोन सामन्यांच्या मधला दोन तासांचा सराव तसाच ठेवून वरून मसाज देणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

कागद भिंतीवर लावा

नवी तारीख कळली त्याच दिवशी दोन आठवड्यांचा तक्ता करा. त्यात सामने तर लिहाच, पण बसचे तास, परत येण्याची वेळ आणि मुलांच्या परीक्षासुद्धा लिहा. मंगळवारी सकाळी आठला रसायनशास्त्राची परीक्षा असलेला मुलगा सोमवारचा सामना खेळून रात्री एकला हॉस्टेलवर पोचणार असेल, तर त्याची झोप आजच गेली असं समजा आणि प्राध्यापकांना आजच ईमेल करा. आदल्या दिवशी विनंती केली तर नकार येतो. दहा दिवस आधी केली तर बहुतेक जण ऐकतात.

सगळ्यात वरच्या पातळीवर, डिव्हिजन एकमध्ये, हंगामात आठवड्याला २० तास आणि दिवसाला ४ तास अशी एनसीएएची (कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेची) मर्यादा आहे, शिवाय आठवड्यातला एक दिवस सुट्टीचा. पण त्या हिशोबात सामना कितीही लांबला तरी ३ तासांचाच धरतात आणि प्रवास मोजतच नाहीत. म्हणजे नियम पाळूनही मुलगा पार मोडू शकतो. २०२४ मध्ये यूसीएलए, यूएससी, ओरेगॉन आणि वॉशिंग्टन ही विद्यापीठं बिग टेनमध्ये (आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या एका गटात, म्हणजे कॉन्फरन्समध्ये) आली, तेव्हापासून पश्चिम किनाऱ्यावरचे संघ तीन तासांचा वेळेतला फरक ओलांडून न्यू जर्सीत खेळायला जातात. त्या तासांची नोंद कुठल्याही फॉर्मवर होत नाही. तुमच्या तक्त्यावर व्हायला हवी.

प्रत्येकाची वही वेगळी

संघ थकत नसतो, माणसं थकतात. आमच्या त्या आठवड्यांत पॉइंट गार्ड दर सामन्यात ४० पैकी ३६-३७ मिनिटं खेळत होता आणि बेंचवरचा सहावा-सातवा मुलगा चार मिनिटं. दोघांना एकच सराव दिला तर एकाला तो जास्त होतो आणि दुसऱ्याला कमी.

नोंद ठेवायला महागडं यंत्र लागत नाही. सामन्यानंतर अर्ध्या तासाने प्रत्येकाला विचारा, शून्य ते दहामध्ये आज किती जड गेलं? तो आकडा मिनिटांनी गुणा. ३६ मिनिटं आणि उत्तर ८ आलं तर २८८. सरावाचंही तसंच. आठवड्याची बेरीज करा आणि त्या मुलाच्याच नेहमीच्या आठवड्याशी ताडून बघा, शेजाऱ्याच्या आकड्याशी नाही. सोबत दर दोन दिवसांनी सकाळी भिंतीजवळ उभं करून तीन उड्या घ्या, खडूने खूण करा. उडी सतत खाली येत असेल तर तोंडाने तो काहीही म्हणो, पायांनी उत्तर दिलेलं असतं.

सराव कुठे कापायचा

इथे माझी चूक सांगते. पहिल्या बुधवारी आम्ही हरलो आणि दुसऱ्या दिवशी कोचने दोन तासांचा पूर्ण सराव लावला, शेवटी शिक्षा म्हणून धावपळ. मी बाजूला उभी होते. मला दिसत होतं की मुलांचे पाय भरून आले आहेत आणि बचावात गुडघे वाकतच नाहीत. मी गप्प राहिले, कारण हरलेल्या कोचला त्या क्षणी कसं बोलावं हे मला सुचलं नाही. आता ते बोलणं मी वेळापत्रक हातात येतं त्या दिवशी करते, सगळ्यांचं डोकं शांत असताना.

ठरवायचं ते असं. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, ज्यांनी २५ मिनिटांपेक्षा जास्त खेळ केला आहे त्यांना उडी नाही, धक्काबुक्की नाही, पूर्ण कोर्टवर पळणं नाही. व्हिडिओ पाहायचा, चालत चालत डावपेच समजून घ्यायचे, वीस-पंचवीस फ्री थ्रो (रेषेवर उभं राहून, कुणी न अडवता टाकायचे फटके) टाकायचे आणि घरी. सामन्याच्या आदल्या दिवशी चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, अर्ध्या कोर्टवर, प्रतिस्पर्ध्यांच्या दोन-तीन ठरलेल्या चालींपुरतं. सामन्याच्या सकाळचं शूटअराऊंड, म्हणजे फटक्यांचा हलका सराव, बिनदिक्कत रद्द करा. ती दीड तासाची झोप त्यापेक्षा मोलाची आहे.

वजनांचा व्यायाम मात्र पूर्ण बंद करू नका. ही चूक खूप जण करतात. तीन आठवडे वजन उचललं नाही तर ताकद उतरू लागते आणि स्नायूबंध कुरकुरतात. आठवड्यातून एकदा, दोन सेट, थोड्या फेऱ्या, पण वजन नेहमीचं, आणि तेही घरच्या सामन्यानंतर लगेच, पुढचा सामना निदान दोन दिवस लांब असेल तेव्हा. ऐकायला उलटं वाटतं. पण त्यामुळे जड दिवस जड राहतो आणि हलका दिवस खरोखर हलका.

बेंचवरच्या मुलांना याच्या उलट हवं. दहा मिनिटांपेक्षा कमी खेळलेल्यांना सामना संपल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं दम लागेपर्यंत पळवा, तीन विरुद्ध तीन खेळवा. पॉइंट गार्ड बसल्यावर आमच्या दुसऱ्या गार्डला चार मिनिटांवरून एकदम एकतीस मिनिटं खेळावं लागलं. दुसऱ्या सत्रात त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. त्याला आम्ही तयारच ठेवलं नव्हतं, तो दोष त्याचा नव्हता.

२०२०-२१चा हंगाम ज्यांना आठवतो त्यांना हे वेगळं सांगायला नको. करोनामुळे हंगाम २५ नोव्हेंबरला सुरू झाला, अनेक कॉन्फरन्सनी प्रवास टाळण्यासाठी एकाच प्रतिस्पर्ध्याशी लागोपाठ दोन दिवस सामने लावले आणि विलगीकरणातून बाहेर आलेले संघ जेमतेम काही सराव करून कोर्टवर उतरले. खोलीत बसून राहिलेलं शरीर आणि लगोलग दोन सामने, यापेक्षा वाईट जोडी नाही. सक्तीच्या विश्रांतीनंतर पहिल्या सामन्यात मिनिटं वाटून द्या.

सामना संपल्यावरचे दोन तास

पुढचा सामना चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांवर असेल तेव्हा स्नायूंमधला साठा भरून काढायला वेळ कमी असतो. ८० किलोच्या मुलाला पहिल्या चार तासांत दर तासाला साधारण ८० ते १०० ग्रॅम कर्बोदकं लागतात, सोबत २५-३० ग्रॅम प्रथिनं. म्हणून जेवणाची ऑर्डर मध्यंतराला जाते आणि डबे बसच्या दारात तयार असतात. पहिली गोष्ट हातात पडते ती चॉकलेट दूध आणि केळं. 'वाटेत कुठेतरी थांबू' म्हटलं की दीड तास गेलाच.

सामन्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी झालं तर पुढच्या काही तासांत सुमारे दीड लिटर द्रव पोटात जायला हवं, मिठासह. थंड पाण्यात बसवायचं असेल तर १० ते १५ अंश सेल्सिअस, दहा-पंधरा मिनिटं. अंग आंबलेलं थोडं सुटतं. त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

झोपेवर मात्र मी हट्टी आहे. स्टॅनफर्डमध्ये पुरुष बास्केटबॉल संघाच्या ११ खेळाडूंना काही आठवडे रात्री दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं होतं. २०११ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं पळणं जलद झालं आणि फ्री थ्रो व तीन गुणांचे फटके, दोन्हींची अचूकता ९ टक्क्यांच्या आसपास वाढली. दहा तास आमच्या मुलांना मिळणार नाहीत हे मला ठाऊक आहे. पण संध्याकाळी सातच्या सामन्याआधी कॅफीनचा मोठा डबा प्यायलेला मुलगा रात्री दोनला टक्क जागा असतो, कारण त्यातलं निम्मं कॅफीन पाच तासांनंतरही अंगात असतं. ते डबे आमच्या लॉकर रूममधून गेले. बसमध्ये दिवे बंद, उशी प्रत्येकाची स्वतःची, आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतरच बोलावणं.

खुणा ओळखायला शिका

'कसा आहेस?' असं विचारू नका. उत्तर 'मस्त' येणार, कारण खेळायचं प्रत्येकाला असतं. मी विचारते, 'आज सकाळी जिना उतरताना कुठे दुखलं?' या प्रश्नाला मुलं खरं उत्तर देतात.

मग म्हणा, दाखव कुठे. तो तळहात फिरवून सगळी पोटरी दाखवत असेल तर बहुधा स्नायू आंबलेत. पण एक बोट हाडावर नेमक्या जागी ठेवलं, आणि मी तिथेच दाबल्यावर त्याने पाय ओढून घेतला, तर तो थांबतो. एका पायावर उडी मारायला सांगा. लंगडत उतरला तर डॉक्टरांकडे. अशा तड्याचा सुरुवातीचा एक्स-रे बऱ्याचदा स्वच्छ येतो, त्यावर विसंबून खेळवू नका. एमआरआयमध्ये दिसतं.

आमच्या गार्डने मला सगळं आधीच सांगितलं होतं, मी वाचलं नाही. चौथ्या सामन्यात त्याचे फ्री थ्रो रिंगच्या पुढच्या कडेला आपटू लागले, एरवी ते सरळ जाळीत जायचे. खेळ थांबला की तो शॉर्ट्स धरून वाकायचा. लेअप (बास्केटजवळ उडी घेऊन टाकलेला फटका) टाकून खाली येताना दोन्ही पायांचा एकच आवाज व्हायचा, तो आता दोन वेगळे आवाज झाला होता, आधी डावा, मग उजवा, हलका. पट्टी घट्ट झाली म्हणून त्याने दोनदा सोडून बांधायला लावली. पट्टी घट्ट नव्हती.

कोचशी कसं बोलायचं

'तो दमलाय' म्हणू नका. दमलेले सगळेच असतात. आकडा द्या. 'कोच, आज याला चोवीस मिनिटं, पहिल्या सत्रात बारापेक्षा जास्त नको.' आकड्याभोवती कोच डाव आखू शकतो. ज्या सामन्यांत टीव्हीचे टाइमआउट (जाहिरातींसाठी खेळ थांबवणं) असतात तिथे ते वीस मिनिटांच्या प्रत्येक सत्रात १६, १२, ८ आणि ४ मिनिटं उरल्यानंतर खेळ पहिल्यांदा थांबतो तेव्हा येतात. त्याच्या अर्धा मिनिट आधी खेळाडूला बाहेर काढलं तर खेळातली तीस सेकंद देऊन खऱ्या घड्याळातली तीन मिनिटं विश्रांती मिळते.

एक युक्तिवाद हमखास येतो. कनेटिकट विद्यापीठाने २०११ मध्ये बिग ईस्ट कॉन्फरन्सच्या स्पर्धेत पाच दिवसांत पाच सामने जिंकले आणि पुढे राष्ट्रीय विजेतेपदही; एनसी स्टेटने २०२४ मध्ये एसीसी कॉन्फरन्सच्या स्पर्धेत तसेच पाच सामने जिंकले आणि पुढे फायनल फोर, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य फेरी, गाठली. मग आपली मुलं का नाही? मी सांगते, त्या पाच दिवसांत मध्ये सरावाला जागाच नव्हती. खेळा, जेवा, झोपा, खेळा. मी तेच मागते आहे. आणि दुसरी बाजूही आहे. २००९ मध्ये त्याच बिग ईस्ट स्पर्धेत सिरॅक्यूजने कनेटिकटला सहा ओव्हरटाइमनंतर (बरोबरी झाल्यावरच्या जादा वेळेनंतर) हरवलं, ७० मिनिटांच्या त्या सामन्यात सिरॅक्यूजचा जॉनी फ्लिन ६७ मिनिटं कोर्टवर होता. दुसऱ्या रात्री ते पुन्हा ओव्हरटाइममध्ये जिंकले. शनिवारच्या अंतिम सामन्यात लुईव्हिलकडून हरले. त्या मुलांच्या जिद्दीत काहीच उणं नव्हतं.

गर्दी संपली की दोन दिवस पूर्ण सुट्टी द्या, जिमच्या दाराला हातसुद्धा नको. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरची उडी पुन्हा मोजा. जुन्या खुणेपर्यंत पोचलेल्यांना पूर्ण सराव, न पोचलेल्यांना अजून एक हलका दिवस.

आमचा तो गार्ड पुढच्या नोव्हेंबरात परत खेळला. हल्ली नडगीवर एक बोट ठेवणारा कुणी असला तर तो बुधवारी आमच्याबरोबर बसमध्ये येतो, बेंचवर बसतो, टाइमआउटला पाण्याच्या बाटल्या देतो. जर्सी मात्र माझ्या बॅगेत असते.